तांबूचं गाऱ्हाणं

शकूकाकीची गाय महिपतकाकाने मारली हे आमच्या टेपवाडीत सगळ्यांना माहीत होतं. फक्त बोलत कोणी नव्हतं. आमच्याकडे माहीत असणं वेगळं आणि बोलणं वेगळं. या दोहोंच्या मधल्या जागेत अख्खी भावकी निवांत पाय पसरून बसलेली असते, आणि तिथे बसलेल्या माणसाला उठवायला गेलं की तो तुमच्यावरच गुरकावतो.

मी सेजल. महाडला कोर्टासमोर माझं टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान आहे. दिवसभर लोकांची भांडणं टाईप करते, त्यामुळे माझी जीभ जरा तिखट झाली आहे असं आई म्हणते. शकूकाकी म्हणजे माझ्या सख्ख्या काकाची बायको. काका गेल्यापासून ती वाडीत एकटी राहते. मुलगा भरत मुंबईत. काकी गाय पाळायची आणि हिरकणीवाडीला रोपवेच्या वाटेवर बसून ताक विकायची. रायगड उतरून घामाघूम झालेली माणसं मागे वळून तिचं ताक नावाजत जायची. त्या गायीचं नाव तांबू. काकीने तिला वासरू असल्यापासून वाढवलं होतं. मेली तेव्हा ती गाभण होती.

महिपतकाका काकीचा चुलतदीर. बरीच वर्षं मुंबईत काढून तो परत आला आणि माळावर तंबू ठोकले. शनिवार-रविवारी पुण्या-मुंबईची माणसं येतात, शेकोटी पेटवतात, चुलीवरचं जेवण जेवून गाडीत बसतात. धंदा चांगला चालला होता. अडचण एकच. काकीचा गोठा तंबूंच्या अगदी कडेला होता. ‘गेस्ट लोकांना शेणाचा स्मेल येतो,’ असं तो म्हणायचा. गोठा खाली ओढ्याकडे ने, म्हणून त्याने पहिल्यांदा विनवलं, मग दरडावलं. काकी म्हणाली, “शेणाचा वास सोसत नसंल तर त्यांनी खेड्यात येवू नये. गोठा माज्या सासऱ्यान बांधलाय, तो हलायचा नाय.” या उत्तराने महिपतकाकाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

दिवाळी झाली, भात कापून झालं, आणि एका सकाळी तांबू गोठ्याबाहेर पाय झाडत पडलेली सापडली. तोंडाला फेस. काकी तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली. गाय उन्हं चढायच्या आत गेली. मी महाडहून पोचले तेव्हा काकी रडत नव्हती. ती माळावरच्या तंबूंकडे बघत होती आणि तिचा चेहरा मला बघवेना. तिथल्या तिथे मी डॉक्टर अश्वजितना फोन लावला. हे आमच्या भागातले सरकारी जनावरांचे डॉक्टर. त्यांनी शवविच्छेदन केलं, पोटातल्या अन्नाचे नमुने बाटल्यांत सीलबंद करून प्रयोगशाळेकडे पाठवले आणि मला हळूच म्हणाले, “विषाचं दिसतंय. नक्की काय आणि कशातून, ते रिपोर्ट येईल तेव्हा कळेल. तोवर मी काही बोलणार नाही, तुम्हीही बोलू नका.”

संध्याकाळी गावकी बसली. आमच्याकडे कुठलंही भांडण आधी गावकीत जातं. भावकीतले सगळे पुरुष देवळासमोर बसतात आणि महादूआबा निवाडा देतात. आबा वयाने सगळ्यांत मोठे. माणूस वाईट नाही, पण भांडण मिटलं पाहिजे यापलीकडे त्यांना काही दिसत नाही. त्यांच्या लेखी न्याय म्हणजे शांतता.

“महिपत नवी गाय घेऊन देतो बोलतो,” आबा म्हणाले. “त्यानं मारली असं तो बोलत नाय, पण भावकी म्हणून देतो. शेतात कुठं फवारलेलं गवत खाल्लं असंल तिनं. घे गो गाय आणि विषय सोड.”

सगळ्या माना हलल्या. महिपतकाका मोबाईल बघत बसला होता, दानशूर माणसाने बसावं तसा.

काकी बायकांच्या बाजूने उठून पुढे आली. आमच्या गावकीत बाईने पुढे येणं हेच आधी आक्रीत. ती म्हणाली, “गाय नको मला. त्यानं हितं सगळ्यांसमोर बोलावं, तांबू मी मारली. एवढं बोलला की माजा राग गेला. मग एक शेंगदाणा पण मागायची नाय त्याच्याकडं.”

महिपतकाका हसला. “न केलेलं काय बोलू, वयनी?”

“मग मी पोलिसात जाते.”

भावकीतल्या माणसावर पोलीस केस म्हणजे आमच्याकडे भावकीच्या तोंडावर थुंकण्यासारखं. आबांनी समजावलं, मग धमकावलं. “केस केलीस तर तुज्या दारात कोण येणार नाय,” म्हणाले. काकीने पदर खोचला, माझा हात धरला आणि म्हणाली, “चल गो.” मला तेव्हा इतका अभिमान वाटला की रस्ताभर मी उगाच हॉर्न वाजवत स्कूटी चालवली.

फिर्याद मीच टाईप केली. कुणाचं जनावर मुद्दाम ठार करणं, विष घालणं, लुळंपांगळं करणं हा गुन्हा आहे, नव्या न्यायसंहितेत त्याचं कलम तीनशे पंचवीस, आणि शिक्षा पाच वर्षांपर्यंत. जुन्या कायद्यात जनावराच्या किमतीवरून कलम बदलायचं. आता गाय काय, शेळी काय, सगळ्यांना एकच. पोलिसांनी गुन्हा नोंदवला. महिपतकाकाला जामीन मिळाला आणि तो गाडीला हार घालून वाडीत परतला. काकीकडचं येणंजाणं मात्र खरोखर बंद झालं. कोणी हळदीकुंकवाला बोलावेना. पाणवठ्यावर ती आली की बायका हंडे उचलून चालू लागायच्या. ताकाचा धंदा बसलाच होता.

आणि पुरावा? पुरावा शून्य. संक्रांतीनंतर प्रयोगशाळेचा रिपोर्ट आला. गायीच्या पोटात तांदळाच्या भाकरीचे तुकडे होते आणि त्या भाकरीत कीटकनाशक होतं. म्हणजे फवारलेल्या गवताची गोष्ट गेली. भाकरी काही शेतात उगवत नाही. कोणीतरी मुद्दाम खाऊ घातली होती हे नक्की झालं, पण कोणी, ते रिपोर्ट थोडाच सांगतो! आमच्या सरकारी वकील उज्वला मॅडम. त्या मला म्हणाल्या, “सेजल, मला एक साक्षीदार हवा. ज्याने पाहिलं किंवा ज्याने ऐकलं. नाहीतर तो सुटेल, आणि सुटला की मिरवणूक काढेल.” काढणारच होता. माझी झोप उडाली. काकी मात्र म्हणायची, “बोलंल तो. कधीतरी बोलंल.” मला वाटायचं, बिचारी.

चैत्रात कुडपणच्या आईची, म्हणजे आमच्या कुलदेवीची, जत्रा असते. आमची भावकी मूळची तिथली. कधीकाळी आमचे पूर्वज पोलादपुराकडच्या त्या पठारावरून खाली रायगडाच्या पायथ्याला येऊन राहिले, पण कुलदेवी वरच राहिली. अख्ख्या भावकीची देवी एकच, गुरवही एकच. भिकू गुरव. गाऱ्हाणं घालावं तर भिकू गुरवाने. देवळाबाहेर चपला काढून, हात जोडून, डोळे मिटून तो अशा आवाजात सुरू करतो की पलीकडच्या डोंगरावर गुरं चारणाऱ्यालाही समजावं. एकेक वाक्य झालं की समोर उभे असलेले सगळे ‘व्हय महाराजा’ म्हणतात. देवी असली तरी महाराजाच. आमच्याकडे लहान पोराला चालता येण्याआधी हे म्हणता येतं. आणि गाऱ्हाण्याचा नियम असा की कोणाचं, कशासाठी, ते नावानिशी आणि मोठ्याने सांगायचं. पुटपुटलेलं गाऱ्हाणं देवी घेत नाही.

त्या वर्षी भावकीची जीप भरून गेली. आम्हा दोघींना कोणी बोलावलं नाही, म्हणून आम्ही पोलादपूरहून रिक्षा ठरवून घाट चढलो. काकीने ओटी भरली, नमस्कार केला. भिकू गुरव तिच्याकडे जरा चमत्कारिक नजरेने बघत होता. प्रसाद देताना त्याने विचारलं, “शकू, महिपत येवून गेला ना गो तुज्याकडं?”

“कशाला?”

“अजून नाय आला?” गुरवाच्या हातातला नारळ तसाच राहिला. “मी त्याला दिवाळी झाल्यावर सांगितलेलं. तांबूच्या मालकिणीचे पाय धर, मगच आई तुला सोडंल.”

मी तोंड उघडलं ते मिटायलाच विसरले. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. गाय मेली, आणि पाठोपाठ महिपतकाकाला भीतीने घेरलं. पोलिसांची नव्हे, कोर्टाची नव्हे, गावकीची तर मुळीच नव्हे. गाभण गाय मारलीय, आता कुलदेवी सोडत नाही, ही भीती. माणूस मुंबईत राहिला, इंग्रजीत तंबूंच्या जाहिराती करू लागला, पण ही भीती त्याने बरोबर नेली आणि बरोबर आणली. तो एकटाच गाडी घेऊन कुडपणला चढला आणि कोंबडा देऊन प्रायश्चित्ताचं गाऱ्हाणं घालायला लावलं. दुसऱ्या कुठल्या देवाकडे जाता आलं नसतं, कारण कोपलेली देवी ही होती. कानात सांगता आलं नसतं, कारण गाऱ्हाणं मोठ्यानेच लागतं. ‘व्हय महाराजा’ म्हणायला दुसरं कोणी नव्हतं, म्हणून तेही त्यानेच म्हटलं. मग गुरवाने देवीला फुलं लावून कौल मागितला. कौल काही मिळाला नाही. तेव्हा गुरवाने त्याला सांगितलं की आधी गायीच्या मालकिणीला जाऊन सांग.

“काय काय बोलला तो?” मी विचारलं.

“भाकरीत औषध घालून चारली बोलला. पहाटच्या पारी.”

भाकरीत! भाकरीचं ना डॉक्टर बोलले होते ना पोलीस. तेव्हा रिपोर्टच आला नव्हता. अख्खी वाडी फवारलेल्या गवतावर अडून बसलेली असताना हा माणूस देवीसमोर भाकरी म्हणत होता. मला तिथेच देवळात नाचावंसं वाटलं.

पण भिकू गुरव साक्षीला तयार होईना. “माणूस आणि आई यांच्यातलं बोलणं असतं ते. मी मधला. मी कोर्टात कसं बोलू?” मी त्याला कायदा सांगायला लागले, पोलिसांसमोरचा कबुलीजबाब चालत नाही पण इतर कोणासमोर दिलेला चालतो वगैरे. काकीने मला गप्प केलं.

“भिकूदादा,” ती म्हणाली, “त्यानं मोठ्यान सांगितलं ना?”

“व्हय.”

“आईनं कौल दिला नाय ना?”

“नाय.”

“मग आईनं त्याला अजून सोडलं नाय. तू त्याला कशाला सोडतोस?”

गुरवाने गाभाऱ्याकडे वळून हात जोडले. मग म्हणाला, “कधी यायचं ते कळव.”

पोलिसांनी त्याचा जबाब घेतला आणि पावसाळ्यानंतर खटला उभा राहिला. महिपतकाकाने मुंबईहून सुहास वकील आणले होते. कडक इस्त्रीचा कोट, गुळगुळीत इंग्रजी. भावकीही हजर. महादूआबा आणि सगळी वडीलधारी मंडळी महिपतकाकाच्या मागच्या बाकांवर ओळीने बसली, काकीला दिसावं म्हणून. काकी माझ्याजवळ एकटी. भरतला रजा मिळाली नव्हती.

डॉक्टर अश्वजितनी भाकरीचं सांगितलं. मग भिकू गुरव पिंजऱ्यात उभा राहिला, पांढरं धोतर, डोक्याला मुंडासं. उज्वला मॅडमनी विचारलं तेवढं त्याने थोडक्यात सांगितलं: महिपत आला, गाय मारली म्हणाला, भाकरीतून मारली म्हणाला. बास. मॅडम बसल्या.

सुहास वकील उठले. इथे त्यांनी असा एक प्रश्न विचारला की आमच्या भागातला कुठलाही वकील तो विचारता ना. बिचाऱ्यांनी कोकणात कधी जत्रा पाहिलेली नसावी.

“तुम्ही म्हणता, आरोपी असं असं म्हणाला. इतके महिने झाले. नक्की शब्द काय होते? आठवतात? की नुसतं आपलं अंदाजाने?”

“शब्दान शब्द आठवतो,” गुरव म्हणाला.

“अच्छा! मग सांगा की शब्दान् शब्द. आम्हीही ऐकू.” वकील मागे बघून हसले.

“सांगतो. पण गाऱ्हाणं चपला घालून नाय म्हणता येत.” त्याने मॅजिस्ट्रेट मॅडमकडे बघितलं. “काढू का?”

मॅडमनी चष्म्यावरून बघितलं आणि मान हलवली.

भिकू गुरवाने चपला काढून पिंजऱ्याबाहेर ठेवल्या. हात जोडले, डोळे मिटले. आणि त्या छोट्या कोर्टरूममध्ये कुडपणच्या देवळातला आवाज निघाला. छत दणाणलं. बाहेरच्या व्हरांड्यातली माणसं दाराशी आली.

“हे आई! कुडपणच्या मालकिणी! डोंगरदऱ्यांच्या राखणदारणी!”

“व्हय महाराजा,” मागच्या बाकावरून आवाज आला. महादूआबांचा. शिपाई दचकला. आबा स्वतःही दचकले.

“टेपवाडीचं तुजं लेकरू आज तुज्या पायाशी आलंय!”

“व्हय महाराजा!” आता चारपाच आवाज. सवयच ती. समोर गाऱ्हाणं चाललंय आणि आपण गप्प राहायचं हे त्यांच्या हाडांना ठाऊकच नव्हतं. मी स्वतः तोंडावर हात दाबून बसले होते, नाहीतर माझंही निघालं असतं.

“त्याच्या हातून अपराध घडला, आई! वयनीची गाभण गाय त्यानं मारली!”

“व्हय महाराजा!”

“भाकरीत औषध घालून, आपल्या हातान चारून मारली!”

“व्हय महाराजा!”

या वेळी सगळ्यांत स्पष्ट आवाज मागच्या बाकांवरून आला नव्हता. तो आरोपीच्या जागेवरून आला होता. महिपतकाका हात जोडून उभा होता. डोळे मिटलेले. तोंडातून शब्द गेला, आणि मग डोळे उघडले. त्याने आधी स्वतःच्या जोडलेल्या हातांकडे बघितलं, मग वकिलाकडे. सुहास वकिलांच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

भिकू गुरवाला याची काही खबर नव्हती. तो डोळे मिटून शेवटपर्यंत गेला, चूकभूल पदरात घे म्हणाला, आणि मग शांतपणे चपला घालून उभा राहिला. सुहास वकील उठून इंग्रजीत जोरजोरात हरकती घेऊ लागले. मॅजिस्ट्रेट मॅडम म्हणाल्या, “वकीलसाहेब, शब्दान् शब्द तुम्हीच मागितलेत.” मग स्टेनोकडे वळून त्या पुढचं सांगू लागल्या. काकीने माझा हात इतका घट्ट धरला होता की बांगडी मनगटात रुतली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती. तांबू गेल्यापासून मी तिला पहिल्यांदाच रडताना पाहिलं, आणि पहिल्यांदाच हसताना.

आता कोणी मला विचारेल, अशा सवयीने निघालेल्या शब्दावर शिक्षा होते का? नाही होत. निकालात तसं मॅडमनी स्वच्छ लिहिलं. त्या शब्दाला आपण पुरावा म्हणून हात लावलेला नाही, असं. पण गुरवाची साक्ष विश्वासाची धरली. कारण रिपोर्ट यायच्या कितीतरी आधी आरोपी भाकरीबद्दल बोलला होता, आणि ते गाय मारणाऱ्यालाच ठाऊक असणार. आरोपी दोषी. सहा महिने कैद आणि दंड, दंडातून काकीला भरपाई. निकाल ऐकताना मी कोर्टात असूनही शिट्टी मारणार होते. उज्वला मॅडमनी डोळे वटारले म्हणून राहिले.

अपिलासाठी मुदत मिळाली, महिपतकाका जामिनावर बाहेर आला. आम्ही कोर्टाच्या आवारात उभ्या होतो. पलीकडे झाडाखाली महादूआबा आणि भावकीची माणसं जीपची वाट बघत होती. कोणी कोणाच्या डोळ्याला डोळा देत नव्हतं. महिपतकाका पायऱ्या उतरला आणि सरळ आमच्याकडे आला. सुहास वकील त्याची बाही ओढत होते, “काही बोलू नका, अपील आहे, काही बोलू नका.” त्याने बाही सोडवून घेतली. तो वाळला होता. मला त्याची दया यायला हवी होती बहुतेक. नाही आली.

“वयनी,” तो खालच्या आवाजात म्हणाला, “तांबू मी मारली.”

काकीने त्याच्याकडे नीट बघितलं. मला वाटलं, आता ही रडेल, नाहीतर याच्या थोबाडीत देईल. दोन्ही नाही.

“मला ठाव हाय,” ती म्हणाली. “मला कशाला सांगतोस? त्यांना सांग.” आणि तिने झाडाखालच्या भावकीकडे बोट केलं.

काकीने बोट खाली घेतलं नाही. शेवटी तो वळला, आवार ओलांडून झाडाखाली गेला आणि महादूआबांसमोर उभा राहिला. आबांची मान खाली गेली. मग तो पुढच्यासमोर गेला, मग त्याच्या पुढच्यासमोर. काकी पदर खोचून, कमरेवर हात ठेवून बघत होती. जीप येऊन थांबली, ड्रायव्हरने हॉर्न वाजवला, पण कोणी चढेना. शेवटच्या माणसाला सांगून होईपर्यंत काकी जागची हलली नाही.